दिवाळसणाचा लॅपटॉप

पाडवा, संध्याकाळ

माझा लॅपटॉप दाजींना दिला. माझा!

मागच्या आठवड्यात धाराशिवच्या दुकानात पप्पाच म्हणाले होते, "अकरावीला तुला लागतो, तूच निवड." आमच्या तेर गावाहून रोज एसटीत उभं राहून कॉलेजला जायचं, म्हणून मी एकेक उचलून बघितला आणि सगळ्यांत हलका निवडला. निळा. पप्पा म्हणाले, "पाडव्याच्या मुहूर्तावर घरी आणू."

आज ताई आणि दाजी पहिल्या दिवाळसणाला आले. आईनं दाजींना पाटावर बसवून ओवाळलं आणि पप्पांनी कुंकू लावलेला खोका त्यांच्या हातात ठेवला. जावयाचा मान म्हणे. मग मला दुकानात कशाला नेलं? घरात दुसऱ्या कुणाला लॅपटॉपातलं कळत नाही म्हणून?

"लई हलका हाय की!" दाजी म्हणाले.

"धाकटीनं निवडलाय," पप्पा कौतुकानं म्हणाले. वर मी हसायचं!

आई कानात म्हणाली, "तुला पुढच्या वर्षी बघू." आई-पप्पांचा राग येतोय तो येतोयच. पण ताई?

खोक्यातून निघाला तो तोच लॅपटॉप, तेवढाच हलका. फक्त काळा. परवा ताईनं फोनवर विचारलं होतं, "निळा कशाला गं? काळा न्हाय का त्यात?"

मला वाटलं, माझ्यासाठी विचारतेय.