विचारेल त्यानं पाणी प्यायचं

आदरणीय विहीणबाई यांच्या सेवेशी,

नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहेत, निदान एकमेकांशी भांडायला पुरतील इतके. तुमचे गुडघे काय म्हणतात? जिना चढू देतात की अजून रुसलेलेच? व्याहीबुवांना नवी कवळी बसली का? बसली असेल तर आता तरी जेवताना बोलू नका म्हणावं, जुनी एकदा माझ्या ताटात आली होती. माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे. शाळेत गेले जेमतेम चार इयत्ता, त्यातलीही एक बाकावर उभी राहून काढली. तेव्हा काना-मात्रा तुमच्या तुम्ही लावून घ्या.

तर विषय नातीचा. तिला तुमच्या गावातल्या कॉलेजात शिकायचंय आणि हॉस्टेलात राहायचंय, हे तुमच्या लेकीनं तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल (तिच्या पोटात काही राहत नाही, हे मी लग्नातच ओळखलं होतं). मी साफ नाही म्हणून बसले होते. सिकलसेलची पोर, एकटी, परक्या खोलीत! आठवतं ना, हे दुखणं कुणाच्या घरातून आलं यावरून आपल्या दोघींची काय जुंपली होती? तुम्ही म्हणायचात आमच्याकडे सगळे ठणठणीत. मी म्हणायचे आमच्याकडे तर कुणाला साधी शिंक येत नाही. शेवटी डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं की एक वाटा इकडून आला, एक तिकडून, आणि दोन्ही एकत्र आले म्हणून पोरीच्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, पाणी कमी पडलं किंवा गारठा लागला की बारीक नसांत अडकतात आणि हाडन् हाड ठणकतं. लग्नात कोण कुठं बसणार यावरूनही आपलं जमलं नव्हतं. जमलं ते नेमकं इथे.

एवढी वर्षं तिचं सगळं मीच बघितलं. पाणी पाज, गोळी दे, स्वेटर चढव, कपाळाला हात लाव. अंग जरा कोमट लागलं की दवाखान्यात पळ. आता दवाखान्यात मोठ्या होत चाललेल्या पोरांसाठी एक सिस्टर नेमलीय. बाई गोड बोलते, पण आतून लोखंड आहे. ती म्हणाली, आजी, यापुढे डॉक्टरांशी तीच बोलणार, तुम्ही फक्त ऐकायचं. मी म्हटलं, ऐकते की. डॉक्टरांनी विचारलं झोप लागते का, मी म्हटलं घोरते. सिस्टरनं माझी खुर्ची एक हात मागे ओढली. भूक लागते का विचारलं, मी म्हटलं चिमणीएवढी. पुन्हा खुर्ची मागे. पाळी वेळेवर येते का यावर तर मी इतकं सविस्तर सांगितलं की तुमची नात लालबुंद झाली (चांगली वागली की माझी, डोळे वटारले की तुमची) आणि खुर्चीसकट मी दाराबाहेर गेले. तिथं आणखी एक आजोबा आधीच बाहेर काढलेले बसले होते. आम्ही दोघांनी मिळून सिस्टरला मनसोक्त नावं ठेवली. फार बरं वाटलं.

पण आत भलतंच ठरलं. उन्हाळा संपेपर्यंत पोरीनं सगळं स्वतः सांभाळायचं, जमलं तर हॉस्टेल. आणि मी टोकायचं नाही. टोकलं तर? तर तुमच्या नातीनं कायदा काढला की, पाणी प्यायलीस का असं जो विचारेल, त्यानं स्वतः एक पेला प्यायचा. सिस्टरनं टाळी देऊन मंजूर केला. विहीणबाई, पहिल्या आठवड्यात मी इतकं पाणी प्यायले की आमचा दिवटा म्हणाला, आई, तुझा पलंग न्हाणीघरातच टाकू का? नंतर मी नुसतं बाटलीकडे बघायला लागले, तर बघण्यालाही अर्धा पेला लागू झाला.

मागच्या मंगळवारी मी तिला घेऊन पडद्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं मान देऊन आम्हाला नेमकं एसीखाली बसवलं. ती म्हणाली, आजी, गार लागतंय, मी बाहेर उन्हात बसते. मी कापडाच्या ढिगात बुडालेले, म्हटलं थांब गं जरा. ती थांबली नाही, आणि देवाची कृपा की थांबली नाही. मी वळून बघते तर खुर्ची रिकामी. बाहेर धावले. पायरीवर ऊन खात बसली होती, मांड्या दुखायला लागल्या होत्या. गोळी घेऊन झाली होती, बाटली अर्धी संपली होती, सिस्टरला फोन झाला होता. आणि मांडीवर तुम्ही पाठवलेली ती गरम पाण्याची पिशवी, दुकानाशेजारच्या चहावाल्याकडून भरून घेतलेली! (ती आली तेव्हा मी म्हटलं होतं, विहीणबाईंना दुसरं काही सुचलं नाही वाटतं. ते मागे घेते. पिशवी रोज पोरीच्या दप्तरात असते हे मलाच माहीत नव्हतं.)

थोडा वेळ वाट पाहूनही कळ उतरेना, तेव्हा तीच म्हणाली, आता दवाखाना. आमचा नेहमीचा लांब, म्हणून जवळचाच गाठला. तिथं ड्यूटीवर एक नवा, कोवळा डॉक्टर. पोरीनं सांगितलं, मला सिकलसेल आहे, दुखणं दहापैकी आठ, ताप नाही, गोळी घेतलीय, मागच्या वेळी अमुक इंजेक्शननं बरं वाटलं होतं, आणि बर्फ लावू नका. तो म्हणाला, तू तर हसून बोलतेयस, मग आठ कसं? माझ्या जिभेवर त्याच्या सात पिढ्या येऊन उभ्या राहिल्या. मी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. पोर म्हणाली, मला दुखताना बोलायची सवय आहे, डॉक्टर. आठ म्हणजे आठ.

त्यानं माझ्याकडे बघितलं. आजी, तुमचं काय म्हणणं? मी बोटानं तिच्याकडे दाखवलं. शेजारच्या नर्सला वाटलं म्हातारीची वाचाच गेली. मला दोन्ही हात वर करायला लावले, डोळ्यांत बॅटरी मारली, चाकाची खुर्चीसुद्धा आणली. तेवढ्या दुखण्यात पोर अशी हसली, म्हणाली, तिला काही झालेलं नाही, ती फक्त गप्प बसलीय. पहिल्यांदाच.

डॉक्टरनं मात्र ऐकलं. आमच्या नेहमीच्या दवाखान्यात फोन करून विचारलं, लगेच सलाईन आणि इंजेक्शन चालू केलं, आणि कळ उतरल्यावर येऊन तिला सॉरी म्हणाला. त्याचं भलं होवो. सिस्टरचंही होवो, खुर्चीचा राग धरूनसुद्धा. पोर घरी आलीय, बरी आहे, आणि मी हॉस्टेलला हो म्हटलंय. आपली नात आहे, विहीणबाई. अर्धी तुमची, अर्धी माझी, आणि आता बरीचशी तिची तिची.

कळावे, लोभ आहेच, भांडण जपून ठेवा.

तुमची,
थोरली विहीण (वयानं नाही, आवाजानं)

ता.क. हॉस्टेल तुमच्या घराच्या मागच्याच गल्लीत आहे. अधूनमधून सहज गेल्यासारखं जात जा. काहीतरी विसरलं म्हणा. बाटली भरलेली आहे का, स्वेटर खुंटीवर आहे की अंगावर, एवढं बघून मला कळवा. मी सांगितलं असं चुकूनही म्हणू नका.

ता.क. दुसरं. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होते, तेवढ्यात पोरीनं वरचं वाचलं. रागावली नाही. फक्त माझ्यासमोर पाण्याचा पेला आणून ठेवला. तेव्हा जाऊ नका, ती बोलावेल तेव्हाच जा. मी पिते आहे. तुम्हीही उठा आणि एक पेला प्या. वाचता वाचता तुमच्याही मनात तेच आलं असणार.