घाटावरचे मासे येईनात

१२ जानेवारी, सोमवार
आजही कोणी आलं नाही. कणकेच्या गोळ्या टाकल्या, तांब्या पायरीवर तीनदा वाजवला, "या पावणं" म्हटलं. अगदी हे म्हणायचे तसं. पाणी हललं नाही. माझा आवाज त्यांच्या ओळखीचा नसेल, अशी आठ दिवस स्वतःची समजूत घातली. आता पुरे. मासे नाहीतच.

संध्याकाळी लेकीचा, पद्मजाचा फोन. यांना कळंब्याला तिच्याकडे जाऊन दीड महिना झाला. फिजिओथेरपी चालू. अर्धांगाचा झटका आल्यापासून धड शब्द फुटत नव्हता. आज तिनं फोन कानाला लावला आणि हे स्वच्छ म्हणाले, "मासं?"

माझं नाव नाही, लेकाचं नाही. मासं! राग आला, हसू आलं, मग रडले.

"आल्यात की. लई आल्यात." धडधडीत खोटं बोलले.

१५ जानेवारी, गुरुवार
ओढा नदीला मिळतो तिथं, घाटाच्या जरा वर, बारके मासे पोट वर करून. पांढरे, ओळीनं. मरळीचं एक पिल्लू जिवंत होतं, वर येऊन तोंड उघडझाप करत होतं. ओंजळीत घेऊन वरच्या पाण्यात सोडायला निघाले. चार पावलांत गेलं.

दत्तू भेटला. पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारं घर, आज हात मोकळे.

"कोबीवर फवारणी झाली की दुसऱ्या दिवशी हे ठरल्यालंच हाय, वैनी. मी जाळं टाकायचं सोडलंय. असलं मासं कुणाच्या पोरांस्नी खायला घालू?"

"वरच्या गावांनी सोडलं असंल कायतरी."

जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "व्हय. वरच्यांनीच."

त्याचं बघणं आवडलं नाही.

१८ जानेवारी, रविवार
कळंबा. एस.टी.त उभ्यानं. यांना हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिलाय, हे तो भिरकावतात. कणीक मागतात. प.नं गोळा दिला तर लुळ्या हाताच्या तीन बोटांनी तासभर हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळत बसले. ओबडधोबड. डबा भरून माझ्याकडे दिला.

निघताना पदर धरला. बेचाळीस वर्षांत चारचौघांत एवढं धाडस केलं नव्हतं या माणसानं. प. तोंड फिरवून हसत होती. उठवेना मला तिथून. पण म्हैस कोण पिळणार.

घाटावर येऊन गोळ्या टाकल्या. तळाला गेल्या, फुगल्या, विरल्या.

२४ जानेवारी, शनिवार
आजचं आजच लिहून ठेवते.

लेकाची, सन्मतीची न्याहारी घेऊन मळ्यात गेले. कोबीवर फवारणी उरकून हा ओढ्यात उभा. पंप उपडा करून धुतोय. पाण्यावर दुधासारखा पांढरा पट्टा, खाली घाटाकडे निघालेला. औषधाची रिकामी बाटलीही तिथंच खळखळून घेतली.

"काय करतोयस रं हे?"

"पंप धुतोय."

"वड्यात?"

"मग कुठं धू? तसाच घरात आणू? अण्णांनीच सांगितलंय न्हवं, इख उंबऱ्याच्या आत न्हाय."

खरं आहे. सगळं गाव त्याला औषध म्हणतं, एकटे हे इख, विषच म्हणायचे. पंप स्वच्छ धुतल्याशिवाय घरी आणायचा नाही, हा यांचा नियम. मंदिरात बायकांना मी कौतुकानं सांगायची. आणि धुवायचे कुठं? याच ओढ्यात, वीस वर्षं. पंप धुवायचा, अंघोळ करायची, मग कणीक घेऊन घाटावर. तेव्हा औषध थोडं असायचं, नदीला पाणी जास्त. आता सन्मती आठवड्याला दोनदा मारतो.

दत्तू का बघत होता ते कळलं. आज यांच्याशी कडाकडा भांडायचं होतं, आणि भांडायला माणूस घरात नाही. इतकी आठवण एवढ्या दिवसांत आली नव्हती.

२५ जानेवारी, रविवार
स.ला स्पष्ट सांगितलं. पंप मळ्यातच धुवायचा, धुतलेलं पाणी पिकावरच मारायचं, पंप मळ्यातल्या खोलीत ठेवायचा. ओढ्याकडे न्यायचा नाही.

"आपल्या एका पंपानं नदी सुधारती व्हय?"

"न्हाय सुधारत. तरीबी न्यायचा न्हाय."

दोन दिवस बोलणार नाही आता. नाही बोलला तरी चालेल.

३ फेब्रुवारी, मंगळवार
रविवारी घरी येणार! काठी धरून चालतात. प. म्हणाली, एकच घोकणं चाललंय, "घाट, घाट." अंथरूण उन्हात टाकलं, यांचा टॉवेल धुतला. तो इतके दिवस तसाच ठेवला होता, वास जाईल म्हणून. आता माणूसच येतोय.

मग आठवलं, मासे आल्यात म्हणून मी खोटं सांगितलंय.

स. म्हणाला, "सांगू नको. खचतील अण्णा. मी शेततळ्यातनं घागरभर चिलापी मासं आणतो. ते सकाळी घाटावर सोडू."

आधी हसले. मग दिवसभर तोच विचार. यांनी तांब्या वाजवावा, पाण्यात सळसळ व्हावी, यांचं तोंड उजळावं. एवढंच बघायचंय मला. किती मोह झाला काय सांगू. संध्याकाळी नको म्हटलं. मरायलाच सोडल्यासारखं होईल ते.

८ फेब्रुवारी, रविवार
आले. घरात पाय न टाकता आधी घाट. स.नं धरून पायरीवर बसवलं. तांब्या स्वतः वाजवला, वाकडातिकडा. "या" एवढंच निघालं. गोळ्या टाकल्या. परत वाजवला. तासभर.

मला बघवेना. सांगून टाकलं सगळं. ओढा, पंप, स., आणि यांचा नियम. आता पंप तिथं धूत नाही हेही दोनदा सांगितलं. ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

ओढ्याच्या तोंडाकडे बघत होते. मग एकेक शब्द शोधून बोलले.

"मीच... बोलवत... हुतो. हितं."

मी हात धरला. सोडवून घेतला.

आम्ही जैन, रात्री जेवत नाही; एवढी बेचाळीस वर्षं, दिवस बुडायच्या आत यांचं जेवण झालं नाही असं कधी घडलं नाही. आज ताट वाढलं, स. दोनदा बोलवायला जाऊन आला. घाटावरून उठले ते अंधार पडल्यावर, आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून निजले.

माझंही ताट तसंच आहे. माणूस घरी आला, पण अजून आल्यासारखा वाटत नाही. सकाळी काय म्हणतात बघायचं.