बिनकागदाचं बेसमेंट

६ मे
घरमालकाचा मुलगा लग्न करून बायकोला आणतोय, म्हणून जुलैअखेर आम्ही बाहेर. नोटीस मी फ्रिजवर लावली, जॉनने काढून ड्रॉवरमध्ये टाकली. नवऱ्याला वाटतं, दिसली नाही की टळली. कॅनडात घर शोधणं सोपं नाही, त्यात मिसिसागातच हवं, स्टेफीच्या शाळेच्या हद्दीत. पुढचं वर्ष बारावीचं. "आय ॲम नॉट स्विचिंग स्कूल्स नाऊ, मम्मी." पोरीचं बरोबर आहे. दार जरा जोरात आपटलं तेवढंच.

११ मे
कॉन्डो पाहिला. एजंट पंजाबी, गोड बोलला. "दीदी, बस क्रेडिट रिपोर्ट भेज देना." तिथंच संपलं. संध्याकाळी मेसेज, ओनरने दुसऱ्याला दिला.
जुनंच दुखणं. बाबांच्या आजारपणात वसईला गेले तेव्हा इथलं सिम काढून फेकलं. वसईत सिम फेकलं की विषय संपतो. इथं बिल चालूच राहिलं आणि वसुलीवाल्यांकडे गेलं. त्याच वर्षी जॉनची नोकरी गेली, कार्डाचे हप्ते चुकले. आता दोघंही कमावतो, भाडं एकदाही उशिरा दिलेलं नाही. पण ते त्या रिपोर्टात कुठेच दिसत नाही. चुकलेलं तेवढं दिसतं.

१९ मे
आणखी दोन नकार. एकाला वर्षाचं भाडं आगाऊ हवंय. तेवढे असते तर तुझ्या दारात कशाला आले असते? (बोलले नाही. थँक यू म्हणाले.)
प्रत्येकाला तीच कहाणी सांगून थकले. बाबा गेले, आणि मी त्यांचं आजारपण अनोळखी माणसांपुढे सबब म्हणून... नको.

२५ मे, रविवार
चर्चमध्ये मराठी मिस्सानंतर पास्कल अंकल भेटले. वसईकडचेच, जॉनच्या गावाशेजारचे, इथं तीसेक वर्षं. त्यांचं बेसमेंट रिकामं आहे, शाळेच्या हद्दीत! मी रिपोर्टबद्दल तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "अगं, रिपोर्ट कसला? तुझा सासरा आणि मी एका बाकावर शिकलो. सामान कधी आणतेस ते सांग."
गाडीत रडले. जॉन म्हणाला, "बघ, शेवटी आपलीच माणसं."

२९ मे
बेसमेंट बघून आले. छत बुटकं, जॉन वाकून चालतो. खिडकीतून शेजाऱ्याच्या कुत्र्याचे पाय दिसतात. पण वेगळं दार, स्वतःचं वॉशरूम. स्टेफीने भिंती मोजल्या, म्हणजे आवडलं.
लीजचं विचारलं. अंकल हसले. "आपल्यात लीज कशाला? महिन्याला कॅश दे. कागद केला की सिटीवाले येतात, टॅक्सवाले येतात."
बेसमेंट भाड्याने देतात हे कुठे नोंदलेलंच नाही, म्हणून रिपोर्ट नको होता तर. नाही, असं नाही, माणूस मायेचा आहे. दोन्ही खरं असेल.

२ जून
शाळेत फोन केला. नव्या पत्त्याचा पुरावा हवा. लीज, नाहीतर आपल्या नावाचं बिल. बिलं सगळी अंकलच्या नावावर.
माझ्या ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, भाडं क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंदवून घेण्याची सोय आहे, हळूहळू सुधारतो. त्यालाही लीज, आणि भाडं बँकेतून. कॅशने आणखी दहा वर्षं राहिले तरी मी आहे तिथंच.
महिनाभर सगळ्यांनी माझ्याकडे कागद मागितले. एकानेच मागितले नाहीत, तर आता मीच त्यांच्याकडे मागायचे!
जॉन : "कुठल्या तोंडाने मागणार? त्यांना वाटेल, आपला विश्वास नाही." म्हटलं, तू बोल. तर अंघोळीला गेला.

८ जून
मीच गेले. अंकलच्या बायकोने, रोजी आंटीने, चहा दिला, केक दिला. स्टेफीची शाळा सांगितली, सगळं सांगितलं. अंकलनी कप खाली ठेवला.
"तुझ्या सासऱ्याने माझ्याकडे कधी सही मागितली नसती."
"त्यांना इथं पोरीला शाळेत घालायचं नव्हतं, अंकल."
आवाज चढला माझा. आंटी उठून आत गेली. अंकल म्हणाले, "बघतो."
केक तसाच राहिला. वाईट वाटतंय. पण माफी मागणार नाही.

१४ जून
फोन नाही. जॉनचं चालू, "हातातलं घर घालवलंस." घालवलंही असेल. पण उद्या अंकलचं मन फिरलं, तर कशाच्या जोरावर थांब म्हणणार? आणि दर रविवारी चर्चमध्ये उपकाराखाली मान घालून...
स्टेफी : "सो, डू वी हॅव अ हाऊस ऑर नॉट?"
जेवायला ये म्हटलं.

१५ जून, रविवार
मिस्सानंतर अंकलनी जॉनला बाजूला बोलावलं. मला नाही. पार्किंगमध्ये दोघं उभे. अंकलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हसले. मी लांबून बघत होते.
जॉन खुशीत आला. "एक तारखेला सामान आणा म्हणाले."
"आणि लीज?"
"ते त्यांनी काढलं नाही. मग मीही काढलं नाही."
 वाटेत ग्रोसरीपाशी थांबून तो रिकामे खोके मागायला आत गेला. मी गाडीतूनच अंकलना फोन लावला. आंटीने उचलला. म्हणाली, झोपलेत गं, काही काम होतं का?
हो म्हटलं. उठले की परत फोन करते.