गॅलरी विनाअट

मी, निवृत्त ग्रंथपाल आणि कामगार सभांची जुनी वक्त्री, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे स्वहस्ते लिहीत आहे. घशाच्या शस्त्रक्रियेत माझा आवाज गेला, आणि नाकाला वास येणेही. डोके शाबूत आहे. काल मात्र तेही हादरले. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या नवऱ्याला. आधी अट होती: त्याने सिगरेट ओढली तर घर मुलीला जाईल. सिगरेट म्हणजे कामगाराच्या छातीत थाटलेले मालकाचे दुकान, हे मी कारखान्यांच्या फाटकांवर गरजून सांगितले, आणि रोज जेवणानंतर घरातही. तो लायटर उचलून गॅलरीत जाई. मी दार आपटून लावी.

काल वकीलबाईंनी ती अट त्याला वाचून दाखवली. तो हसला. "अगं, तुझं ऑपरेशन झालं त्या महिन्यातच सुटली ती."

मी पाटीवर लिहिले: खोटे. रोज गॅलरीत जातोस. मला आता वास येत नाही म्हणून फसवतोस.

"जातो, सवयीनं. तू बोलायला लागलीस की बाहेर पडायला निमित्त लागायचं. तेवढाच वेळ माझा असायचा. घर गप्प झालं, आणि एक दिवस बघतो तर पाकीट तसंच पडलेलं."

सांगितले का नाहीस, असे मी विचारले.

"सांगितलं असतं तर तू त्याचीही सभा घेतली असतीस."

वकीलबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. माझ्या हातून खडू पडला. व्यसनावरची कपाटभर पुस्तके वाचलेल्या बाईच्या घरात एक माणूस धुराचा आडोसा करून उभा होता! मी अजून सावरलेली नाही. अट खोडली आहे.

२. पुस्तके कामगार वाचनालयाला.

३. मेगाफोन संघटनेला, पण माझे भाषण मध्येच तोडणाऱ्या सेक्रेटरीच्या हाती तो देऊ नये.

४. मुलीला माझे दागिने. वडिलांवर डाफरायची सवय तिने माझ्याकडून आधीच उचलली आहे. ती परत करावी.

५. तंबाखूबद्दलचे माझे मत तसूभरही बदललेले नाही. तरी गॅलरी त्याची, विनाअट. मी गेल्यावर घर आणखी गप्प होईल, आणि त्याचा हात पुन्हा पाकिटाकडे जाईल, ही मला धास्ती आहे. गेलाच, तर मुलीने दार आपटू नये. खुर्ची घेऊन त्याच्या शेजारी बसावे. बोलू नये.

सही: लिहून देणार
साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी, छापखान्याचे निवृत्त फोरमन
दिनांक: ९ नोव्हेंबर
स्थळ: राहते घर, गॅलरीचे दार उघडे ठेवून