लांडग्याची हाळी

खुलताबाद,
७ फेब्रुवारी १९९३

तीर्थरूप भिकनदादास,
बानूचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळं ठीक. शाळेत असताना मी ज्या टीव्ही मालिकेत धनगराची पोर झाले होते, तिचा आता सिनेमा निघतोय, आपल्याच माळावर. मुंबईची माणसं मेंढरं नि कुत्री ठरवायला आली, तेव्हा मीच पुढं होऊन सांगितलं की ती पोर म्हणजे मीच, आता सिनेमातली बाईही मीच होईन. एकानं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं आणि सोडून दिलं.

दादा, मला तो पार्ट हवाय, लाज सोडून लिहिते. मालिकेत लांडगा आल्यावर मी दिलेली हाळी अजून बाजारात पोरं देतात. सासूबाई म्हणतात, ही हाळी दुसरी कोण देणार, तुलाच बोलवतील.

तुझं घोंगडं विणून झालंय. ते न्यायच्या निमित्तानं तरी बहिणीची आठवण ठेव.

तुझी बानू

वाळूज,
१५ फेब्रुवारी १९९३

चि. बानूस,
अनेक आशीर्वाद.

घोंगड्यासाठी नाही, तुझ्या हातच्या भाकरीसाठी येईन. सध्या कंपनीत रोज दुप्पट पाळी आहे. शहरात नामांतरावरून वातावरण तापलेलं आहे. खोलीतला माझा जोडीदार रामकिसन, त्याचं घर अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागितलं म्हणून गावानं जाळलं. तो अजून पायात बूट घालून झोपतो. मी चिडवायचो, आता चिडवत नाही.

तुझ्या सिनेमातल्या बाईचा फोटो पेपरात आलाय. दुधासारखी गोरी आहे. तिला काळा रंग फासून धनगरीण करणार, असं खाली लिहिलंय. रामकिसन म्हणतो, त्यांना तुझ्या बहिणीचा रंग पाहिजे, बहीण नको. तू तिकडं फिरकू नकोस. मेंढरं द्यायची तर तुझ्या नवऱ्याला, सर्जेरावांना पाठव.

माया आहे म्हणून रागावतो, हे ध्यानात ठेव.

तुझा दादा भिकन

खुलताबाद,
९ मार्च १९९३

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू नको म्हणालास तरी मी गेले. त्यांनीच बोलावलं. जमीनदार धनगरणीला आसुडानं फोडून काढतो असा सीन होता. गोऱ्या बाईची पाठ नाजूक, म्हणून मार खायला माझी पाठ घेतली. आसूड कापसाचा आहे असं सांगितलं, आणि पहिले दोन फटके कापसाचेच होते. मग दिग्दर्शक म्हणाला, खरं वाटत नाही. पुढचा फटका ओल्या चामड्याचा आला. कातडी फाटली, चोळी रक्तानं चिकटली. ते ओरड ओरड म्हणत होते, आणि मारणारा थांबत नव्हता.

माझ्या तोंडून किंकाळी निघाली नाही. लांडग्याची हाळी निघाली. ती ऐकल्यावर आपलं कुत्रं काय करतं, तुला माहीत आहे. आपला चित्त्या कुत्रा तिथंच बांधलेला होता, त्यानं साखळी तोडली आणि जमीनदार झालेल्याचा हात कोपरापासून धरला. हाड दिसेपर्यंत सोडला नाही. लायटीच्या लोखंडी पाइपांनी त्यांनी चित्त्याचं डोकं माझ्यासमोर ठेचलं. तो मेल्यावरही मारत होते. मग कुणीतरी म्हणालं, सीन झकास झाला.

आता म्हणतात, मुंबईला चल, त्या बाईच्या तोंडी ती हाळी घालायची आहे. मी सांगितलं, पाठ घेतलीत, गळा मिळणार नाही.

आमच्या ह्यांनी कुऱ्हाड काढली होती, सासूबाईंनी त्यांचे पाय धरून त्यांना आत नेलं. तू येऊ नकोस. माझ्यावरचा लोभ सध्या तिकडंच ठेव.

तुझी बानू

वाळूज,
२४ जानेवारी १९९४

चि. बानूस,
आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, डाव्या हातानं लिहितोय.

सिनेमा लागला. पाळीवरची आम्ही बरीच जणं गेलो, रामकिसनही होता. पडद्यावर तुझी पाठ आली. खांद्यावरचा लहानपणचा भाजल्याचा डाग दिसला आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. प्रत्येक फटका दाखवला त्यांनी. मग त्या बाईचं रंगवलेलं तोंड उघडलं आणि ती गोड आवाजात वाचवा म्हणाली.

बानू, पहिली हाळी माझ्या गळ्यातून निघाली. मागून दुसरी आली, मग चहूकडून. कंपनीत वाड्यावस्त्यांवरची किती पोरं आहेत, हे मला तेव्हा कळलं. खुर्च्या मोडल्या, पडदा फाडला.

विद्यापीठाचा नामविस्तार होऊन दहाच दिवस झालेत, बाहेर बंदोबस्त होताच. ही नामांतराचीच दंगल समजून पोलीस लाठ्या घेऊन आत शिरले. एका शिपायानं बॅटरी माझ्या तोंडावर मारली, माझा काळा चेहरा पाहिला आणि हाही त्यांच्यातलाच म्हणून ओरडला. शेजारी रामकिसनला तिघं तुडवत होते. मी धनगर आहे एवढं म्हटलं असतं तर सुटलो असतो. म्हटलं नाही. रामकिसनच्या अंगावर पडलो आणि तसाच राहिलो. त्यात उजवा हात मोडला.

आता तो माझ्या शेजारच्या खाटेवर आहे. नर्स बूट काढा म्हणते, तो काढत नाही. मीही तिला आग्रह करू नका म्हणून सांगितलं.

चेहरा बघून तुला पार्ट नाकारला, चेहरा बघूनच मला दिला. पाठ टेकता येत नाही, पालथा पडून लिहितोय. तुझे वळ भरायला किती दिवस लागले, तेवढं उलट टपाली कळव.

तुझा दादा भिकन