खिशातला खडू

अमरावती. बुधवार, दिवस कलताना.

चार दिवस वही उघडायचं टाळून राहिलो. आज जीव घाबरला म्हणून उघडली.

महापालिकेनं बाजारातल्या पार्किंगचा ठेका दिला, त्या ठेकेदाराकडे मी लागलो. चुकीच्या जागी लावलेली गाडी ट्रकवर चढवायची आणि ती कुठं नेली ते खाली रस्त्यावर खडूनं लिहायचं. लिहायचं काम माझं. दुपारी एक स्कूटर उचलली, अन् समोर गरम गिलावडा तळत होते. मी तिकडंच पाहत राहिलो. खडू खिशातच.

ट्रक चालवणारे गणूभाऊ म्हणाले, "लेका, पत्ता लिवला ना?"

"हो भाऊ."

काहून हो म्हटलं मी?

उचललेल्या गाड्या ठेवतात त्या आवारात स्कूटर उतरवल्यावर पाहिलं, तर तिच्या हुकाला ओल्या फडक्यात दोन हार. जाड, निशिगंध-गुलाबाचे, लग्नाचे. म्हणजे आजच कुठंतरी नवरानवरी... गोरज मुहूर्त असला तर? भाऊ ट्रक घेऊन गेले, फोन उचलत नाहीत. फाटक सोडून मला जाता येत नाही. दोनदा फडक्यावर पाणी शिंपडलं. अकोटले ताईच्या लग्नात हार उशिरा आले होते, तेव्हा बाबांचा चेहरा... जाऊ दे. खडू अजून खिशात टोचून राहिला.

आता कोणीतरी फाटक बडवून राहिलं. "ओ दादा! स्कूटर शोधता शोधता हे तिसरं फाटक हाय. गाडी ठेवा तुमच्यापाशी, हार तेवढे द्या!"

फटीतून पाहिलं. बाशिंग बांधलेला नवरदेव स्वतःच आला आहे, पायी, घामाघूम.