सौंसरच्या मैदानात माझी पाठ टेकली होती

मी, सुखदेव गोविंदराव डिगरसे, वय बासष्ट, धंदा शेती, पूर्वी पहिलवान, राहणार तिगाव, जिल्हा पांढुर्णा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. हृदय थकल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. डोके शाबूत आहे. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र.

१. तिगावचे राहते घर पत्नी मनकर्णा हिच्या हयातीपर्यंत तिचे. तिने माझ्यासाठी वीस वर्षे बदाम वाटले. तू खाल्लेस का, असे मी कधी विचारले नाही. तिच्या पश्चात घर मुलगा प्रफुल्ल याचे.

२. संत्र्याची तीन एकर बाग प्रफुल्लची. त्याला कुस्ती नको होती, तरी मी त्याला मारून मातीत उतरवले. ती माझी चूक. झाडे तो माझ्यापेक्षा चांगली जपतो.

३. आखाडा, त्याखालची जागा आणि व्यायामाच्या मुद्गलांच्या जोड्या मुलगी दामिनी हिच्या. प्रफुल्लने हरकत घेऊ नये. कारण सविस्तर लिहितो.

सन १९८९ मध्ये सौंसरला माझी कुस्ती बोरगावच्या मनोहर गजभिये याच्याशी लागली. विसाव्या मिनिटाला त्याने मला उचलून टाकले. माझे दोन्ही खांदे मातीला लागले. मला ते कळले, त्यालाही कळले. पंच माझे मावसभाऊ दादाराव होते. ते म्हणाले, "पाठ लागली नाही. पुन्हा धरा." मनोहर त्यांच्याकडे वळून दाद मागत होता, तेवढ्यात मी त्याचा पाय ओढला. त्याचा गुडघा मोडला. लोकांनी मला खांद्यावर घेतले. चांदीची गदा मिळाली, मग नागपूर, अमरावती, बैतूलची बोलावणी आली. मनोहर पुन्हा लढला नाही. दादाराव नंतर मला म्हणाले, "त्यायच्या जातीच्या पोराले जिंकू देलं असतं त गावात तोंड दाखवता आलं असतं का?" गदा मी ठेवून घेतली.

पुढे दामिनी बारा वर्षांची असताना आखाड्यात येते म्हणाली. मी तिला हाकलले. दोन वर्षांनी कळले की, ती शिकवणीच्या नावाखाली बसने बोरगावला जाते आणि मनोहरकडे कुस्ती शिकते. मी संतापून बोरगावला गेलो. तो लंगडत पुढे आला.

मी विचारले, "माह्या पोरीले काहून शिकवून राहिला?"

तो म्हणाला, "तुही आहे म्हणून नाही. चांगली आहे म्हणून. मले मारायचं त मार, पण तिची कुस्ती नको बंद करू."

दामिनी मातीतच उभी होती. म्हणाली, "बाबा, तुमच्या आखाड्यात मले जागा नव्हती."

मी एकटाच बसने परत आलो. तिची कुस्ती बंद केली नाही, पण मनोहरची माफीही मागितली नाही. दामिनी पुढे राज्य पातळीवर खेळली. आता ती गावच्या अकरा मुलींना शिकवते. ज्या जागेतून तिला हाकलले, ती जागा तिला देतो.

४. दादाराव यांना काही नाही. माझ्या शोकसभेत त्यांनी बोलू नये. अर्थात खोटे ते बोलले, त्याचे फळ मी खाल्ले.

५. चांदीची गदा मनोहर गजभिये याला, असे येथे लिहिले होते. काल बोरगावला जाऊन त्याला वाचून दाखवले आणि छत्तीस वर्षांनी हात जोडले. त्याने कागद हातात घेऊन कलम तीन पुन्हा वाचले. मग म्हणाला, "गदा नको. हे जे लिहिलं, ते राहू दे." साक्षीदार म्हणून सही करशील का, असे मी विचारले; पण मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात, हेही सांगितले. मनोहर म्हणाला, "मंग माहं नाव खोड. मी सही करतो." नाव खोडले. गदा दामिनीने मोडून मुलींच्या खुराकाला लावावी.

ठिकाण : पांढुर्णा
दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५
(सही) सुखदेव गोविंदराव डिगरसे

त्यांनी आम्हा दोघांदेखत सही केली, म्हणून आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या :

१. (सही) योगेश कोरडे, शिक्षक, तिगाव

२. (सही) मनोहर गजभिये, बोरगाव. कलम तीन वाचले. खरे आहे.